हरकत राखून दंडवत

नवस बोलायचा म्हटलं की माणूस देवळात जातो. आमच्या राहात्यात काही माणसं आधी कचेरीबाहेरच्या लिंबाखाली जात. तिथे भाऊसाहेबांचं टेबल होतं. त्यांच्याकडून नवसाचा मसुदा करून घ्यायचा, तो दोनदा वाचून घ्यायचा आणि मग देवापुढे उभं राहून त्यातला शब्द न् शब्द म्हणायचा, अशी रीत त्यांनी पाडून ठेवली होती.

"तोंडी नवसात लई घोळ हुतो," ते म्हणत. "मानूस घाबरल्याला असतो. काय बोलतो त्याचं त्यालाच कळत न्हाई. काम झालं की शब्द फिरवितो, मग देवीनं कुनाला धरायचं? लिवून ठिवलं की दोन्ही पक्ष निर्धास्त."

ते खरे भाऊसाहेब नव्हते. आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. हे तलाठी तर नव्हतेच, पण सरकारी नोकरीतही कधी नव्हते. परवाना असलेले दस्तलेखक होते. खरेदीखत, वाटणीपत्र, वारसाचा अर्ज, बांधाची तक्रार, असलं लिहून द्यायचे. पण इतकी वर्षं कचेरीच्या दारात बसलं की माणूस आपोआप भाऊसाहेब होतो. पांढरा पायजमा, त्याच्या उजव्या गुडघ्यावर कायमचा शाईचा डाग, आणि खिशात दोन पेनं. एक स्वतः लिहायचं आणि दुसरं लोकांना सहीसाठी द्यायचं. पहिलं पेन त्यांनी मला कधी हातात धरू दिलं नाही.

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं पत्र्याचं दुकान त्यांच्या टेबलाला लागून. मी बी.एस्सी., फिजिक्स. हे मुद्दाम सांगतोय, कारण तेव्हाही मी प्रत्येकाला मुद्दाम सांगत असे. दुकानात मी पाटी लावली होती, 'देवाची वर्गणी मागू नये. शंका विचाराव्यात.' शंका विचारायला कुणी आलं नाही. भाऊसाहेब मात्र रोज यायचे, आणि आमचं रोज वाजायचं. पुढे एकदा माझी आईच तो वाद घेऊन त्यांच्या टेबलाशी गेली आणि तिचं ऑपरेशन होतं की नाही हे त्या वादावर येऊन ठेपलं. तोवर मला तो करमणुकीचा विषय वाटत होता.

त्यांची एक खोड होती. कुणी काहीही सांगितलं की ते म्हणत, "असं तुमचं म्हननं हाय." वाटणीच्या दाव्यात हे ठीक आहे. पण मी म्हणालो, "आज ऊन फार आहे," तरी, "असं तुमचं म्हननं हाय." मी म्हणालो, "भाऊसाहेब, जगात देव नाही," तरी तेच, त्याच आवाजात, त्याच चहाच्या घोटाबरोबर. उन्हाला आणि देवाला एकाच मापानं मोजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

घराणं त्यांचं ख्रिस्ती, पणजोबांपासून. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते चर्चला जात आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसत. पाळकसाहेब भला माणूस. उपदेशात रंगून एकदा म्हणाले, "बंधूंनो, देव आपल्यावर प्रेम करतो." मागून शांतपणे आवाज आला, "असं आपलं म्हननं हाय." पुढच्या बाकावरच्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. पाळकसाहेबांनी त्यांना बाहेर बोलावून समजावलं, तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "मी कुठं नाकारलं? नोंद घेतली फक्त."

प्रार्थनेबद्दल त्यांची वेगळीच तक्रार होती. "आमच्यात मसुद्याला वावच न्हाई," ते मला सांगत. "एवढं सगळं मागायचं अन् शेवटी म्हनायचं, तुला वाटंल तसं कर. हा कसला अर्ज? सगळा अधिकार समोरच्याला लिवून दिला की!"

"मग जाता कशाला दर रविवारी?" मी विचारलं.

"बी.एस्सी., तारखेला हजर न्हाई ऱ्हायलं की एकतर्फी निकाल लागतो."

यावर मला उत्तर सुचलं, पण ते तिसऱ्या दिवशी, आंघोळ करताना.

नवसाच्या मसुद्याचे पैसे ते घेत नसत. परवाना खरेदीखताचा आहे, देवाचा नाही, असं त्यांचं म्हणणं. (त्यांच्या संगतीनं मीही तसंच बोलू लागलो आहे.) पण प्रश्न मात्र तीन विचारत. मागणं काय? मुदत किती? आणि काम देवानंच केलं हे ओळखायचं कसं? तिसऱ्या प्रश्नाला माणसं डोकं खाजवत. एक बाई मुलाच्या पोलीस भरतीसाठी आली होती. भाऊसाहेबांनी विचारलं, "पोरगं रोज पळायला जातं का?" बाई म्हणाली, "कुठलं! आठ वाजोस्तर लोळत असतंय." त्यांनी लिहिलं, 'मुलगा रोज पहाटे पाच वाजता उठून धावेल. न धावल्यास होणाऱ्या परिणामास देवी जबाबदार राहणार नाही.' ते कलम बाईनं देवीपुढे म्हटलं आणि घरी जाऊन मुलापुढेही म्हटलं. मुलगा भरती झाला.

"बघा," मी म्हणालो, "मुलगा पळाला म्हणून भरती झाला. यात देवीचा काय संबंध?"

"अन् पळाला कशानं?"

"आईनं उठवला म्हणून."

"अन् आईनं आधी का न्हाई उठिवला?"

आमच्या वादाची गाडी नेहमी इथे येऊन अडायची. मी म्हणायचो, श्रद्धेला पुरावा नाही, म्हणून ती विवेकाला धरून नाही. ते म्हणायचे, "नवस बिनबुडाचा असंल बी. पर मसुदा बिनबुडाचा नसावा."

एकदा तर त्यांनी कहर केला. बांधावरून भांडणारे दोघे सख्खे भाऊ एकमेकांच्या नकळत नवसाचा मसुदा करून घ्यायला आले, एक सोमवारी, दुसरा बुधवारी. देवी एकच, मागणं एकच, दावा माझ्या बाजूनं लागू दे. भाऊसाहेबांनी दोघांनाही लिहून दिलं. मी खवळलो. म्हणालो, "हा तर शुद्ध खोटेपणा आहे. दोघांतला एक हरणारच. मग देवीनं एकाचं ऐकलं नाही म्हणायचं की देवी नाहीच म्हणायचं?"

"कोर्टात बी दोन वकील असत्यात," ते म्हणाले, "अन् निकाल एकाच्याच बाजूनं लागतो. म्हनून कोर्ट न्हाईच, असं म्हनता का तुमी?"

पण त्यांनी दोन्ही मसुद्यांत एक कलम घुसवलं होतं. 'प्रकरण देवीपुढे असेतोवर नवस बोलणारा बांधावर पाय ठेवणार नाही व समोरच्याला शिवी देणार नाही.' दोघांनी ते इमानानं पाळलं. प्रत्येकाला वाटायचं, आपला भाऊ अचानक सुधारला. वर्षभर शिवी नाही, बांधावर पाय नाही. दोन पावसाळ्यांनंतर दोघं एकत्र येऊन तडजोडीचा कागद करून गेले. नवस कुणी फेडायचा, यावर मात्र त्यांचं पुन्हा थोडं भांडण झालं.

मला हे सगळं पाहून हसू यायचं. आता स्वतःवर आलं तेव्हाचं सांगतो.

आईच्या पित्ताशयात खडे होते. कळ आली की ती भिंतीला धरून खाली बसायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता थांबू नका. ऑपरेशनची तारीख मिळाली. आणि आई म्हणाली, "मी न्हाई येत."

"का?"

"नवस ऱ्हायलाय. भुलीत गेले अन् तिकडंच ऱ्हायले, तर? तो फिटल्याबिगर मी त्या टेबलावर आडवी व्हायची न्हाई."

नवस माझाच होता. मी चार वर्षांचा असताना ताप डोक्यात गेला होता म्हणे. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आई कोल्हारच्या देवीला बोलली, पोरगं वाचलं तर कळता झाल्यावर नदीपासून तुझ्या दारापर्यंत दंडवत घालील. म्हणजे रस्त्यावर पालथं पडायचं, हात पुढे जिथवर पोचेल तिथे खूण करायची, उठून त्या खुणेवर उभं राहायचं आणि पुन्हा पालथं पडायचं. मी वाचलो. कळता झालो. आणि कळता झालो म्हणूनच दंडवत घालायला नकार दिला.

मी आईला सगळं समजावलं. ताप औषधानं उतरला, देवी दगडाची आहे, भूल देणारे डॉक्टर हुशार आहेत. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "व्हय रे बाबा. पर नवस?" बायको म्हणाली, "घाला की दंडवत, तेवढाच व्यायाम." मी म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. खरं सांगायचं तर प्रश्न निम्मा तत्त्वाचा होता. उरलेला निम्मा पलीकडच्या मेडिकलवाल्याचा होता. त्यानं आदल्या वर्षी असेच दंडवत घातले, तेव्हा महिनाभर मी त्याला सगळ्यांदेखत रोड रोलर म्हणत होतो.

कळा वाढल्या. ऑपरेशनची एक तारीख गेली. एक दिवस मी दुकान उघडलं तर आई भाऊसाहेबांच्या टेबलापुढच्या बाकावर बसलेली. रिक्षा करून एकटी आली होती.

"बी.एस्सी., या," भाऊसाहेब म्हणाले. "आक्कांनी प्रकरण दाखल केलंय. निकाल दोघांना मान्य असंल, तर चालवितो. न्हाईतर च्या पिऊ अन् उठू."

मी लगेच मान्य केलं. तर्कात मी हरणार नाही याची मला खात्री होती. आईनंही मान हलवली.

त्यांनी कोरा कागद घेतला, समास सोडला आणि सुरुवात केली. "आक्का, नवस कुनी बोलला?"

"मी."

"दंडवत कुनी घालायचे?"

"ह्यानं."

"त्याला इचारलं हुतं का?"

"चार वर्साचं पोर, तापानं फनफनल्यालं. काय इचारू त्याला?"

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. "मुद्दा तुमच्या बाजूचा हाय. दुसऱ्याच्या वतीनं, त्याला न इचारता, असा शब्द देता येत न्हाई. लहान पोराच्या वतीनं तर न्हाईच न्हाई." मी आईकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. तिनं फक्त पदर सावरला.

"आता तुमी सांगा. ताप कशानं उतरला?"

"इंजेक्शननं."

"तुमी बघितलं?"

"मी चार वर्षांचा होतो."

"मग तुमाला कुनी सांगितलं?"

"आईनं."

"म्हंजी इंजेक्शनची साक्षीदार आक्का, अन् नवसाची साक्षीदार बी आक्काच. तुमी निम्मी साक्ष खरी धरता अन् निम्मी सोडून देता?"

मी चिडलो. "तसं नाही. तापाच्या हजार पोरांना इंजेक्शन द्या, दुसऱ्या हजारांसाठी नुसता नवस बोला. किती वाचतात ते मोजा. इंजेक्शनचं असं मोजून झालंय. नवसाचं कुणी मोजलंय?"

भाऊसाहेबांचे डोळे चमकले. "हा मुद्दा चोख हाय. लिवून घेतो." आणि खरंच त्यांनी तो सुंदर अक्षरात लिहून घेतला. मग आईला विचारलं, "आक्का, समजा सुईनंच ताप उतरला. मग?"

"मग काय?" आई म्हणाली. "डाक्टरच्या मी तवाच पाया पडले. त्याचं त्याला दिलं. पर डाक्टर म्हनला, आता आपल्या हातात काय न्हाई, तवा मी तिला बोलले. देवीनं केलं का सुईनं केलं, मला काय ठावं? मी बोलले, एवढं मला ठावं हाय."

भाऊसाहेबांनी पेन थांबवलं. विचारलं, "बोलताना काय सोडलं हुतं का?"

हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. आमच्याकडे नवस बोलताना बायका एखादी वस्तू सोडतात आणि नवस फिटेपर्यंत तोंडात घालत नाहीत. कुणी गूळ सोडतं, कुणी भात.

"पेरू," आई म्हणाली.

राहात्यात पेरू सोडायचा! जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेरूच्या बागा आणि नाक्यानाक्यावर पेरूच्या टोपल्या, तिथे. लहानपणी शाळेतून आलो की ती पेरू कापून, मीठ-तिखट लावून आमच्यापुढे ठेवायची. "तू घे ना," म्हटलं की म्हणायची, "मला बिया लागत्यात दातात." मी ते खरं धरलं होतं. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणाऱ्या मी एवढ्या वर्षांत ते एकदाही तपासलं नव्हतं. मी उठून दुकानात गेलो आणि झेरॉक्स मशीनचा ट्रे विनाकारण ओढून पाहिला.

भाऊसाहेबांनी निकाल लिहिला आणि नेमाप्रमाणे दोनदा वाचून दाखवला. सदर नवस मुलावर बंधनकारक नाही. मी जिंकलो होतो.

"बराबर हाय," आई म्हणाली. "त्याच्यावर न्हाईच. बोलले मी, तर माझ्यावर हाय." ती बाकाला धरून उठली. "उद्याच्याला जाते कोल्हारला. मीच घालते दंडवत."

ती रुसून बोलत नव्हती. तिला निकाल पूर्ण पटला होता, आणि त्यातून जे निघतं तेच ती करायला निघाली होती. बहात्तर वर्षांची बाई, पोटात खडे, आणि डांबरी रस्त्यावर दंडवत. मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते स्वतःच लिहिलेला कागद पुन्हा वाचत होते.

"हे माझ्या ध्येनात न्हाई आलं," ते हळूच म्हणाले.

दुसरा मार्गच उरला नव्हता. मी म्हणालो, "मी घालतो. पण मला हे मान्य नाही, हे लिहून ठेवायचं."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "हरकत राखून! सरकारी मोजनी पटली न्हाई तरी मानूस हरकत राखून सही करतो का न्हाई? सही केली म्हंजी कबूल केलं, असं हुत न्हाई. बसा, लिवून देतो." त्यांनी झरझर मजकूर लिहिला. 'मी खाली सही करणारा, देवी आहे असं मानत नाही. दिलेला शब्द मोडू नये एवढ्यासाठी दंडवत घालत आहे. यावरून मी देवी मानतो असा अर्थ कोणी काढू नये.' फार समाधान वाटलं मला. मग ते म्हणाले, "आता वर 'प्रति' लिवा. कुनाला द्यायची?"

"देवीला."

"म्हंजी ती हाय, असं तुमी सहीनिशी लिवून देनार?"

मी पेन मागे घेतलं. "मग कुणालाच नको."

"बिनपत्त्याची हरकत कोन घेतो?"

"समस्त लोकांना."

"म्हंजी तुमची हरकत देवीला न्हाई. मेडिकलवाल्याच्या हसन्याला हाय."

कागद घेऊन मी दुकानात गेलो. दोन दिवस तो मशीनवर पडून होता. लोकांची आधार कार्डं काढताना माझी नजर त्या रिकाम्या जागेवर जायची. हरकत म्हणजे काय, तर कुणाचं तरी म्हणणं आपल्याला पटत नाही, आणि तो समोरचा कुणीतरी आहे एवढं मान्य आहे. असं माझं कोण होतं? तिसऱ्या दिवशी मी वर लिहिलं, 'प्रति, आई.'

भाऊसाहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "पत्ता बरोबर हाय," ते म्हणाले, आणि आईची पोच घ्यायला स्वतः आमच्या घरी आले. आईनं सही करण्याआधी विचारलं, "ह्यात काय लिवलंय?" त्यांनी दोनदा वाचून दाखवलं.

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "मी कुठं म्हनलं तू मान म्हनून? तू घाल. मानायचं मी बघते."

आम्ही मुद्दाम आडवार, देवळात गर्दी नसलेला दिवस निवडला. तरी मेडिकलवाला मोबाईल घेऊन हजर होताच. भाऊसाहेब काठी घेऊन माझ्या बाजूनं चालत होते. माझा हात जिथे पोचे तिथे रेघ ओढायचे, आणि दस्तात खाडाखोड चालत नाही तशी ढिलाई चालू देत नव्हते. "कोपर टेकलं न्हाई. पुन्यांदा." वाटेत कुणी विचारलं, "कशाचा नवस?" तर गंभीरपणे सांगायचे, "हरकत राखून चाललाय." एक म्हातारी पुढे आली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं, कारण दंडवत घालणारा त्या वेळेपुरता देवाचा असतो म्हणे. मी ओशाळून भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "हिला हरकतीची प्रत द्यायची का?"

पुढे पुढे माझे मुद्दे संपले. ऊन होतं, खडी होती, आणि आई होती. ती पोटाशी हात धरून माझ्या चार पावलं पुढे चालायची. मी पालथा पडलो की थांबायची, उठलो की सरकायची. मागे वळून पाहत नव्हती. मला तिची फक्त टाच दिसायची.

पायरीला डोकं टेकलं तेव्हा काही झालं नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. उजेड दिसला नाही, अंगावर काटा आला नाही.

"काय वाटलं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"गुडघे सोललेत."

"एवढंच लिवू?"

"एवढंच."

आईनं देवळाच्या पायरीवर बसून एक अख्खा पेरू खाल्ला, बियांसकट, आणि पुढच्या आठवड्यात हसत ऑपरेशनला गेली. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, खडे निघाले. ती म्हणते देवीनं सांभाळलं, मी म्हणतो दुर्बिणीनं सांभाळलं. आम्ही दोघं भाऊसाहेबांकडे पाहायचो, आणि ते दोघांनाही एकच वाक्य ऐकवायचे, जे तुम्हाला आता पाठ झालं असेल.

नंतर त्यांची नजर गेली. मुलीनं त्यांना नगरला नेलं. लिंबाखाली आता चहाची गाडी लागते. मी त्यांच्याशी फोनवर बोलतो. वाद घालणारा माणूस समोर नसला की देव नसल्याचाही काही उपयोग राहत नाही, हे मला त्यांच्या जाण्यानं कळलं.

परवा आईच्या देव्हाऱ्याला रंग द्यायचा होता म्हणून मी देव बाहेर काढले. देवीच्या चांदीच्या टाकामागे एक घडी घातलेला कागद होता. त्यावर हळदकुंकवाचा बोटभर थर आणि वाळलेलं झेंडूचं फूल. उघडून पाहिला, तर माझी हरकत!

"आई, हे काय?"

"कागुद हाय तुझा."

"ह्याला हळदकुंकू वाहतेस? देवी नाही असं लिहिलंय ह्यात!"

"लिवलंय की. म्हनून तर तिच्यापुढं ठिवला. तिला बी कळाय पाहिजे न्हवं, तुझं काय म्हननं हाय ते."

मी तिथूनच भाऊसाहेबांना फोन लावला आणि तक्रार केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत राहिलं, खोकल्यासारखं.

"बी.एस्सी., मग तर हरकतीची बजावनी झाली," ते म्हणाले. "ती बी रोजच्या रोज, उदबत्ती लावून. असली बजावनी मी जन्मात करू शकलो नसतो. तिकडून काय उत्तर?"

"काहीच नाही."

"मग ऱ्हाऊ द्या तिथंच. प्रकरन काढून घ्यायची घाई करू नका."

मी देव्हाऱ्याला रंग दिला. वाळल्यावर देव पुसून जागच्या जागी ठेवले. कागदाची घडी आईनं अशी घातली होती की अक्षरं आतल्या बाजूला राहिली होती. मी ती मोडली, कागद सरळ केला आणि लिहिलेली बाजू देवीकडे करून ठेवला. वाचायचाच असेल, तर नीट वाचता यावा.